पेटीतली दुसरी डिस्क



गेल्या अंकात बँक खात्यांच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. या वेळचा विषय वरवर पाहता यंत्राचा आहे. परंतु शेवटी तोही विश्वासाने सोपविलेल्या ठेवीपाशीच येऊन पोचतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा अधिकृत पाठिंबा संपला. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. त्यामुळे आपल्या पेढ्यांवरील आणि घरांतील कितीतरी जुने संगणक सध्या निवृत्त होत आहेत. निवृत्त संगणकाचा मार्ग ठरलेला असतो. आधी टेबलावरून खाली, मग मागच्या खोलीत, तेथून माळ्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर. भंगारात त्या पेटीची किंमत काहीशे रुपये होते. तिच्या पोटात काय आहे, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो.

ही चौकशी का आणि कशी करावी, हे एका प्रसंगाच्या आधाराने सांगतो.

आत्याबाईंची मागणी

आमच्या एका स्नेह्यांची भुसार मालाची पेढी आहे. ते स्वतः पाच वर्षांपूर्वी निवर्तले. सर्वजण त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्यामागे थोरल्या मुलाने स्वतःच्या नावाने नवी फर्म काढली, नवा जीएसटी क्रमांक घेतला आणि टॅलीमध्येही नवीन कंपनी उघडून हिशेब सुरू केला. धाकटा मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो.

अक्षय्य तृतीयेला नात्यात वर्षीतपाचे पारणे होते. त्यासाठी भाऊसाहेबांची थोरली बहीण आली होती. वय ऐंशीच्या पुढे. पारणे झाल्यावर तिने भाच्याला बाजूला बोलावले आणि म्हणाली, "बाळा, तुझ्या वडिलांकडे माझे दीड लाख ठेवलेले आहेत. नातीची फी भरायची आहे. आता ते लागतील. कागद माझ्याजवळ नाही. घर बदलताना सगळे गेले."

मुलगा सालस आहे. तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "काकाजी, आत्याबाई खोटे बोलणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या हिशेबात त्यांचे खातेच नाही. पप्पांच्या ताळेबंदात 'असुरक्षित कर्जे' म्हणून एकच बेरीज आहे, तिच्यात घरातल्या सगळ्यांच्या रकमा आहेत. आकडा कुठून आणू? आणि धाकट्याला काय दाखवू?"

मी विचारले, "भाऊसाहेबांच्या वेळची टॅली कुठे आहे?"

"जुन्या मशीनवर होती. पण त्यावर आता फक्त माझी फर्म दिसते. पप्पांचा बॅकअपचा पेन ड्राइव्ह होता, तो उघडतच नाही."

"आणि ते मशीन?"

"मागच्या खोलीत आहे. नवीन मशीन आले, त्यामुळे परवा भंगारवाल्याला सांगितले आहे. त्यात आता काही नाही, काकाजी. सी पाहिला, डी पाहिला. सगळे नव्यावर घेतले."

'सी पाहिला, डी पाहिला' या शब्दांनी मला अडवले. बँकेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी गोदामात जावे लागे. कर्जदाराच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये पोत्यांची संख्या असे. ती वाचून परत यायचे नसे. प्रत्येक गोदामाचे दार उघडून, मागच्या रांगेपर्यंत जाऊन मोजणी करावी लागे. पडद्यावर दिसणारे सी आणि डी म्हणजे ते स्टेटमेंट होय. गोदाम निराळे असते.

गाळे आणि गोदाम

एका गोदामात भिंती घालून दोन-तीन गाळे पाडावेत आणि त्यांना क्रमांक द्यावेत, तशी सी, डी, ई ही अक्षरे असतात. ती गाळ्यांची नावे आहेत, गोदामांची नव्हेत. एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग असू शकतात. उलट, दोन वेगळ्या डिस्कांचेही सी आणि डी असू शकतात. नुसत्या अक्षरांवरून आत किती डिस्क आहेत, हे कळत नाही.

ते पाहण्याची जागा निराळी आहे. विंडोज १० मध्ये स्टार्ट बटणावर माऊसची उजवी कळ दाबली, की जी यादी उघडते, तीत 'डिस्क मॅनेजमेंट' असते. विंडोज ७ मध्ये 'कॉम्प्युटर' या चिन्हावर उजवी कळ दाबून 'मॅनेज' निवडावे. तेथे तेच सापडते. या खिडकीच्या खालच्या भागात डावीकडे 'डिस्क ०', 'डिस्क १' असे लिहिलेले असते. ही खरी गोदामे. त्यांच्या उजवीकडे आडव्या पट्टीत सी, डी हे गाळे दिसतात. येथे फक्त पाहावे. कशावरही प्रयोग करू नये.

डिस्कचे मॉडेल 'डिव्हाइस मॅनेजर'मधील 'डिस्क ड्राइव्ह्ज' या ओळीखाली दिसते. 'एसटी'ने सुरू होणारा क्रमांक सीगेटचा, 'डब्ल्यूडी'ने सुरू होणारा वेस्टर्न डिजिटलचा. क्रमांकात क्षमताही दडलेली असते. 'एसटी ५०० डीएम ००२' ही ५०० जीबीची, 'एसटी १००० डीएम ००३' ही १००० जीबीची, म्हणजे १ टीबीची.

येथे एक शंका नेहमी येते. ५०० जीबीची डिस्क घेतली आणि संगणक ४६५ दाखवतो; म्हणजे दुकानदाराने फसविले का? नाही. डिस्क बनविणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते आणि १०७ कोटी ३७ लाखांहून थोड्या अधिक बाइटना १ जीबी म्हणते. माल तोच, माप निराळे. त्यामुळे ३२० चे २९८, ५०० चे ४६५ आणि १ टीबीचे ९३१ दिसतात.

आम्ही ते मशीन मागच्या खोलीतून आणून जोडले. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकच ओळ होती : डिस्क ०, क्षमता २२३ जीबी. सी आणि डी दोन्ही तिच्यातच. २२३ म्हणजे २४० जीबीची एसएसडी. भाऊसाहेब टापटिपीचे, मशीनचे मूळ बिल फाइलमध्ये निघाले. २०१२ सालच्या त्या बिलावर ५०० जीबी हार्ड डिस्क असे स्वच्छ लिहिलेले होते. बिल ५०० म्हणते आणि मशीन २४० दाखवते. ताळा जुळत नव्हता.

मुलगा क्षणभर आठवत राहिला आणि म्हणाला, "हां, पप्पा गेल्यानंतर मशीन फार हळू चालायचे. एका मुलाने येऊन नवीन डिस्क बसवली होती, नवीन विंडोजही टाकले होते. जुनीचे काय केले, ते नाही आठवत."

पेटी उघडताना

संगणकाची पेटी उघडणे हे अवघड काम नाही. मात्र ते यतनेने करावे. आधी संगणक रीतसर बंद करावा, वायर भिंतीतून काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. हात पेटीच्या उघड्या धातूला लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज उतरते. लोकरी कपडे घालून हे काम करू नये.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या पेटीत कोळी, झुरळे, बारीक कीटक राहत असतात. दाबाच्या हवेचा फवारा मारण्याआधी पेटी उघडून थोडा वेळ उजेडात ठेवावी, मऊ ब्रशने हलकेच झाडावे आणि जीव बाहेर जाऊ द्यावेत. साधू-साध्वी आपल्या वस्त्र-पात्रांचे रोज पडिलेहण करतात. जवळ ठेवलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांखालून घालतात. ती दृष्टी येथेही उपयोगी पडते. कोणतीही केबल काढण्यापूर्वी मोबाइलवर आतील फोटो घेऊन ठेवावा, म्हणजे परत जोडताना चूक होत नाही.

आत डिस्क कशी ओळखावी? जुनी हार्ड डिस्क ही सुमारे चार इंच रुंद, सहा इंचांहून थोडी कमी लांब आणि एक इंच जाड अशी धातूची जड पेटी असते. ती चौकटीत बाजूच्या स्क्रूंनी पक्की केलेली असते. एसएसडी त्या मानाने पातळ आणि हलकी, साधारण पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडी मोठी. हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या चकत्या असतात, एसएसडीमध्ये हलणारा एकही भाग नसतो. डीव्हीडी ड्राइव्हलाही तशाच केबल असतात; ती डिस्क समजू नये.

केबलवरून वय कळते. सुमारे दोन इंच रुंद, सपाट, पट्टीसारखी ४० पिनांची केबल असेल, तर ती आयडीई पद्धतीची जुनी डिस्क. अशा एका पट्टीवर दोन डिस्क जोडता येत, आणि कोणती मुख्य, कोणती दुय्यम हे डिस्कच्या मागील छोट्या जंपरने ठरविले जाई. २००३ च्या सुमारास साटा पद्धत बाजारात आली. तिची माहितीची केबल बोटभरही रुंद नसते आणि एका केबलवर एकच डिस्क असते. प्रत्येक डिस्कला दोन जोड लागतात : एक माहितीचा, एक विजेचा. यांपैकी एक जरी निखळलेला असला, तरी ती डिस्क पडद्यावर दिसतच नाही.

आमच्या पेटीत नेमके तेच होते. वरच्या बाजूला पातळ एसएसडी जोडलेली. आणि खाली, मूळ चौकटीत, चारही स्क्रूंसह जुनी डिस्क जशीच्या तशी. तिची केबल काढून एसएसडीला लावली होती. विजेचा जोड बाजूला लोंबत होता. त्या कारागिराने डिस्क फेकली नाही, नेली नाही. जागच्या जागी ठेवली. त्याने सांगितलेही असेल. दुखवट्याच्या दिवसांत कोणाच्या लक्षात राहिले नाही, इतकेच. धूळ पुसली तेव्हा लेबलवर तोच 'एसटी ५०० डीएम ००२' हा क्रमांक दिसला. ताळा जुळला.

लेबलवर मॉडेल, क्षमता आणि अनुक्रमांक असतो. हा अनुक्रमांक वहीत लिहून ठेवावा. धनादेशाला जसा क्रमांक, तसा डिस्कला हा. दुरुस्तीला दिलेली डिस्क आपलीच परत आली का, हे त्यावरूनच सांगता येते. डिस्कच्या झाकणाचे स्क्रू मात्र कधीही काढू नयेत. आत धुळीचा एक कणही चालत नाही.

जोडावी कशी, दाबू काय नये

अशी डिस्क सापडली, की ती त्याच मशीनमध्ये पुन्हा जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोन डिस्कांवर दोन विंडोज असतील, तर मशीन जुनीवरून सुरू होऊ शकते, आणि विंडोज सुरू होताच तिच्यावर लिहू लागते. जी डिस्क वाचवायची आहे, तिच्यावर काहीही लिहिले जाऊ नये.

त्याऐवजी साटाला यूएसबी जोडणारा अडॅप्टर घ्यावा. घेताना एक पाहावे : मोठ्या हार्ड डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, म्हणून त्याच्यासोबत भिंतीत लावायचा स्वतंत्र चार्जर असलाच पाहिजे. लॅपटॉपमधील लहान डिस्कला आणि एसएसडीला तो लागत नाही. अडॅप्टर लावून डिस्क सपाट, स्थिर जागी ठेवावी आणि चालू असताना हलवू नये.

डिस्क जोडल्यावर कान द्यावा. मंद, एकसारखी घरघर ही निरोगी खूण. ठरावीक अंतराने टक, टक, टक असा आवाज आला, तर लगेच वीज बंद करावी आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. प्रत्येक अधिकच्या प्रयत्नाने तिचे नुकसान वाढते.

कधी पडद्यावर प्रश्न येतो : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? किंवा, ती 'इनिशियलाइझ' करायची का? दोन्ही प्रश्नांना नकार द्यावा. संगणकाला डिस्कवरील मांडणी वाचता आली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. माहिती बहुधा आतच असते. घाईत होकार देऊन अनेकांनी स्वतःच्या हाताने आपल्या वह्या बुडविल्या आहेत.

प्रकृती कशी तपासावी

प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवत असते. या सोयीचे नाव 'स्मार्ट'. ती नोंद वाचण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाची मोफत प्रणाली मिळते. ती उघडली, की निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध आणि लाल म्हणजे वाईट. काही स्वस्त अडॅप्टर ही नोंद पुढे पाठवीत नाहीत. तेव्हा काही दिसले नाही, म्हणून डिस्क बिघडली असे समजू नये.

रंगाच्या खाली आकड्यांची यादी असते. तिच्यातील चार ओळी व्यापाऱ्याने ओळखाव्यात.

पहिली, क्रमांक ०५ : खराब झालेल्या ज्या जागांऐवजी राखीव जागा वापरावी लागली, त्यांची संख्या. दुसरी, क्रमांक सी५ : ज्या जागा वाचताना अडचण आली आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, त्यांची संख्या. ही बुडीत होऊ पाहणारी उधारी समजावी. तिसरी, सी६ : ज्या जागा वाचताच आल्या नाहीत, म्हणजे बुडालेली उधारी. या तिन्ही ठिकाणी शून्य असावे. शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल, तर त्या डिस्कवर विसंबू नये. चौथी, सी७ : हा दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो, केबल बदलली, की आकडा वाढायचा थांबतो.

हे आकडे प्रथम सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणून त्यांत अक्षरेही येतात. मेनूमध्ये ते नेहमीच्या दशमान पद्धतीत दाखविण्याची सोय आहे.

याखेरीज 'पॉवर ऑन अवर्स' ही ओळ फार बोलकी असते. डिस्क आजवर किती तास चालली, हे ती सांगते. दुकान रोज दहा तास आणि वर्षातून तीनशे दिवस उघडे धरले, तर वर्षाचे तीन हजार तास होतात. कोणी 'नवीन' म्हणून डिस्क बसवून दिली आणि तीवर वीस हजार तास दिसले, तर ती नवीन नाही. बिलावर सही करण्याआधी हा आकडा पाहण्याची सवय लावावी.

भाऊसाहेबांच्या डिस्कवर २७ हजारांच्या आसपास तास होते. नऊ वर्षांची दुकानदारी त्या एका आकड्यात होती. सी५ या ओळीत मात्र ८ होते आणि रंग पिवळा होता. म्हणजे वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. डिस्क पिवळी दिसली, की पुष्कळजण प्रथम विंडोजची दुरुस्तीची आज्ञा चालवतात. तसे करू नये. आधी नक्कल, मग दुरुस्ती. दुरुस्तीची प्रणाली डिस्कवर लिहिते आणि तासन्‌तास तिला राबविते. थकलेली डिस्क त्यातच मान टाकू शकते. आणि निळा रंग दिसला, म्हणून निर्धास्तही होऊ नये. कित्येक डिस्क कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडतात. नक्कल प्रत्येक स्थितीत हवीच.

नक्कल आणि तिची परीक्षा

नक्कल घेताना सर्वांत मोलाचे आणि आकाराने लहान ते आधी घ्यावे. टॅलीचा डेटा सामान्यतः टॅलीच्याच फोल्डरमधील 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतो; आत प्रत्येक कंपनीसाठी आकड्यांच्या नावाचा एकेक फोल्डर असतो, जसे १००००, १०००१. फोटो आणि चित्रफितींच्या मानाने तो फार लहान असतो आणि थोड्या वेळात उतरतो. फोटो त्यानंतर.

आम्ही तो फोल्डर दोन ठिकाणी उतरविला. जुना डेटा मूळ डिस्कवरच उघडू नये, नकलेवर उघडावा. नव्या आवृत्तीच्या टॅलीत जुना डेटा उघडताना त्याचे रूपांतर करावे लागते, आणि टॅली उघडली की ती डेटामध्ये लिहीत असते. म्हणून एक नक्कल उघडण्यासाठी, दुसरी न शिवता ठेवण्यासाठी.

नक्कल झाली म्हणजे काम झाले, असे नाही. ती उघडून तेरीज पाहावी आणि त्या वर्षीच्या सही झालेल्या ताळेबंदाशी पडताळावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटलेला धनादेश. भाऊसाहेबांचा पेन ड्राइव्ह हेच सांगत होता. त्यांनी वर्षानुवर्षे त्यात बॅकअप घेतला. तो उघडतो का, हे एकदाही पाहिले गेले नव्हते.

३१ मार्च २०२० ची तेरीज ताळेबंदाशी रुपयापर्यंत जुळली. मग मुलाने आत्याबाईंच्या नावाचे खाते उघडले.

दीड लाखाची नोंद २०१३ सालची होती, धनादेशाने. परंतु तेवढ्यावर खाते संपत नव्हते. २०१६ मध्ये आणखी पन्नास हजार जमा होते, तेही धनादेशाने. दरवर्षी व्याज जमा केलेले होते. त्यातील काही त्यांनी नेलेले, काही खात्यातच राहिलेले. अखेरची शिल्लक २ लाख ६८ हजार रुपयांच्या वर होती. २०१६ च्या नोंदीच्या तपशिलात भाऊसाहेबांनी लिहिले होते : 'ताईची रक्कम. मागेल तेव्हा द्यावी.'

मुलाने तेथूनच धाकट्या भावाला फोन लावला आणि खाते वाचून दाखविले. पलीकडून प्रश्न आला, "पण आत्याबाईंनी तर दीडच लाख सांगितले ना?"

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग थोरला म्हणाला, "त्या विसरल्या आहेत. पप्पा विसरले नव्हते." धाकट्यानेही लगेच होकार दिला. त्याला दोष देत नाही. असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

परंतु याच प्रश्नाचा विचार आपल्या आचार्यांनी फार पूर्वी केलेला आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रियेबरोबर न्यासापहार हा एक आहे. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. ठेव बळकावणे हा तर उघड अपराध. टीकाकारांनी त्याहून सूक्ष्म गोष्ट धरली आहे. ठेवणारा रक्कम विसरला, त्याने कमी मागितली, आणि आपण 'हो, तेवढीच होती' म्हणून तेवढीच दिली, तर तो न्यासापहार. आपल्याकडे 'थापणमोसो' या नावाने पाच मोठ्या असत्यांमध्ये ज्याची गणना होते, ते याच घरातले.

आत्याबाईंना व्याजासह संपूर्ण रक्कम धनादेशाने पोचती झाली. ती डिस्क परवा हातगाडीवर गेली असती, तरी दीड लाख त्यांना मिळालेच असते. तो मुलगा तसा आहे. पण वरची रक्कम देणाऱ्यालाही कळली नसती आणि घेणारीलाही आठवली नसती. कोणाच्याही मनात खोट नसताना केवळ न पाहिल्यामुळे एका वृद्ध बाईचा न्यास बुडाला असता.

निरोप देण्यापूर्वी

कायद्याच्या बाजूनेही जुने हिशेब सांभाळणे भाग आहे. जीएसटीच्या नियमांप्रमाणे एखाद्या वर्षाच्या वह्या त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. कंपनी असेल, तर कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षांच्या. एखादे प्रकरण चालू असेल, तर त्याहूनही अधिक काळ.

नकला दोन ठिकाणी उतरल्या, उघडून पडताळल्या, त्यानंतरच डिस्क काढून टाकण्याचा विचार करावा. फाइल पुसल्याने किंवा 'क्विक फॉरमॅट' केल्याने माहिती जात नाही; ती परत वाचता येते. आपल्या गिऱ्हाइकांचे पत्ते, पॅन, बँक खाती त्यात असतात. तीही एक ठेवच. हार्ड डिस्क चालू असेल, तर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. विंडोज ७ आणि त्यापुढील आवृत्त्यांत त्या वेळी सबंध डिस्कवर शून्ये लिहिली जातात. वेळ तासांत लागतो, लागू द्यावा. एसएसडीसाठी तिच्या उत्पादकाची पुसण्याची स्वतंत्र प्रणाली वापरावी. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशा वस्तू हातगाडीवर न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्याव्यात.

शेवटी एक सूचना. दिवाळीला वहीपूजन करताना नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण श्री लिहितो. शेवटच्या पानावर आणखी चार ओळी लिहाव्यात : पेढीवर आणि घरात मिळून किती डिस्क आहेत, त्यांचे अनुक्रमांक कोणते, कोणत्या डिस्कवर कोणत्या वर्षांचे हिशेब आहेत, आणि त्यांची नक्कल शेवटची कधी उघडून पाहिली. हे पान घरातील आणखी एका माणसाला दाखवून ठेवावे. भाऊसाहेबांनी हिशेब चोख ठेवला होता. तो कोठे ठेवला आहे, हे तेवढे लिहायचे राहून गेले.

आपल्या माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल, तर या रविवारी ती खाली उतरवावी.

जय जिनेन्द्र.